घरगोष्टी : वाफेची कांडी आणि विमानाचा प्रवास

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरीं मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. सोलापुरांतील जुनें घर, खोल्या मोजक्या आणि माणसें चाळीस. तेव्हां गाद्या कोठें घालाव्या, पंगती किती उठवाव्या, याचा खल पंधरा दिवस आधींपासून चालला होता. नातवंडें पुण्याहून येणार होतीं, बंगळूरहून येणार होतीं, आणि थोरल्या बंधूंचे चिरंजीव इंग्लंडहून येणार होते. स्वारी चार वर्षें तिकडे नोकरीस आहे. तो निघण्यापूर्वीं आठ दिवस, रात्रीं साडेअकराच्या सुमारास, मला त्याचा फोन आला.

"काका, जागे आहांत ना? एक विचारायचें होतें. पण बाबांना सांगूं नका."

या दुसऱ्या वाक्यानें कोणाही वडीलधाऱ्या माणसाची झोप उडते, तशी माझीही उडाली. मीं म्हटलें, "विचार, बाळ."

"ती वाफ ओढायची कांडी असते ना, व्हेप म्हणतात ती. ती विमानांतून आणतां येते का? मोठ्या बॅगेंत ठेवूं, कीं खिशांत ठेवूं? आणि तिच्या रसाच्या बाटल्या?"

वाचकहो, खरें सांगतों, त्या क्षणीं माझ्या मनांत दोन विचार एकदम आले. पहिला हा, कीं आमच्या घरांतील मुलगा धूम्रपान करूं लागला. दुसरा हा, कीं त्यानें निदान विचारलें तरी. पहिल्या विचारानें जिभेवर उपदेश आला होता. दुसऱ्यानें तो आवरला. मीं त्यास सांगितलें कीं, "मला ठाऊक नाहीं. उद्यां चौकशी करून सांगतों. तोंवर तुझ्या बाबांपाशीं मी बोलणार नाहीं." दुसऱ्या दिवशीं मी चौकशीस लागलों, आणि जें कळलें तें इतर घरांच्याही उपयोगाचें आहे असें वाटल्यावरून या महिन्याचें पान त्यास देत आहें. हल्लीं आपल्यापैकीं किती घरांतील मुलें परदेशीं आहेत, हें सांगावयास नकोच. शिवाय आपल्या सोलापुरासही आतां विमान आलें आहे. होटगी रस्त्यावरील धावपट्टीच्या वाटेंत असलेली साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्यें पाडली गेली, तेव्हां गांवांत किती वाद झाला तें आपण सर्वांनीं पाहिलेंच. पुढें ९ जून २०२५ रोजीं गोव्याचें विमान सुरू झालें. तेव्हां विमानाचे नियम ही आतां केवळ मुंबईकरांनीं जाणण्याची गोष्ट राहिलेली नाहीं.

आधीं ही वस्तु काय आहे तें पाहूं. ई-सिगारेट अथवा व्हेप म्हणजे एक लहानशी नळी. तिच्यांत एक बॅटरी, एक तापणारी तार, आणि थोडा रस असतो. ओढ घेतली कीं तार तापते, रसाची वाफ होते, आणि ती छातींत जाते. या रसांत प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हीं द्रव्यें, कसला तरी वास, आणि बहुधा निकोटीन असतें. निकोटीन म्हणजे तंबाखूंतील तेंच व्यसन लावणारें द्रव्य. हल्लींच्या प्रकारची ही कांडी होन लिक नांवाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञानें २००३ सालीं काढली. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानें गेले होते व तो स्वतः मोठा सिगारेट ओढणारा होता. पाने जळूं नयेत, धूर होऊं नये, पण तलफ भागावी, हा त्याचा हेतु. हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु पुढें आंबा, कलिंगड, पुदिना अशा वासांच्या रंगीत कांड्या निघाल्या, आणि ज्यांनीं जन्मांत सिगारेट ओढली नव्हती अशीं कोवळीं मुलें तिच्या नादीं लागलीं.

याच कारणानें हिंदुस्थान सरकारनें १८ सप्टेंबर २०१९ रोजीं वटहुकूम काढून तिजवर बंदी घातली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संसदेच्या कायद्यानें ती कायम केली. या कायद्याचे शब्द बारकाईनें पाहण्यासारखे आहेत. कांडी तयार करणें, विकणें, जाहिरात करणें, हें तर मना आहेच. परंतु ती देशांत आणणें, देशाबाहेर नेणें आणि इकडून तिकडे वाहून नेणें, हेंही मना आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हां केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लाखांपर्यंत दंड. साठा करणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गृहस्थांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें कलम असें, कीं आपल्या ताब्यांतील जागेंत असा साठा जाणूनबुजून ठेवूं देणें, हाही गुन्हा आहे. म्हणजे भाच्यानें आणलेलें पुडकें "असूं दे माळ्यावर" म्हणून ठेवून घेणारे मामाही कायद्याच्या कक्षेंत येऊं शकतात. "स्वतःपुरती एकच आहे" ही सबब अनेक जण सांगतात. पण कोणत्याही स्वरूपांत व कितीही प्रमाणांत ती जवळ बाळगणें कायद्याविरुद्धच होय, असा खुलासा केंद्राच्या आरोग्य खात्यानें २०२३ सालीं केला आहे.

आतां विमानाविषयीं. येथें परदेशाचा नियम व आपला नियम यांत अंतर आहे, आणि मुलें फसतात तीं या अंतरांतच. परदेशीं बहुतेक ठिकाणीं नियम असा, कीं कांडी विमानाच्या पोटांत जाणाऱ्या मोठ्या बॅगेंत ठेवावयाची नाहीं. ती प्रवाशानें आपल्याजवळच ठेवावयाची, आणि विमानांत ती ओढावयाची नाहीं व तिची बॅटरीही भरावयाची नाहीं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनें २०१५ सालीं हा नियम घालून दिला. आमच्या चिरंजीवांनीं हाच वाचला होता आणि त्याची समजूत झाली कीं खिशांत ठेवली म्हणजे झालें. परंतु आपल्या देशांतील विमानांत ती मोठ्या बॅगेंतही चालत नाहीं आणि हातच्या पिशवींतही चालत नाहीं. म्हणजे लंडनच्या विमानतळावर जी वस्तु कोणी अडविणार नाहीं, तीच मुंबईस उतरतांच निषिद्ध माल ठरते. ज्या विमानांत बसलों त्या विमानानें चालवून घेतलें, म्हणून ज्या देशांत उतरलों तो देश चालवून घेईल असें नाहीं. हें तत्त्व पुष्कळ वस्तूंस लागू आहे. पण या वस्तूच्या बाबतींत त्याचा चटका फार बसतो.

वाटेंतील देशांचीही गोष्ट तशीच. सिंगापुरांत १ फेब्रुवारी २०१८ पासून कांडी जवळ बाळगणें हाच गुन्हा आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरापासून तेथील शिक्षा आणखी कडक झाल्या, कारण एटोमिडेट नांवाचें भूल देण्याचें औषध मिसळलेल्या कांड्या तेथें सांपडूं लागल्या होत्या. थायलंडांत २०१४ पासून ती आणण्यास बंदी आहे. आणि सहलीस जाणाऱ्या आपल्या तरुणांचा ओढा तर तिकडेच फार. तेव्हां तिकीट काढतांना विमान कोठें कोठें थांबतें हें पाहतों, तसा त्या त्या देशाचा कायदाही पाहावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा नळीसाठीं इतका गाजावाजा कशास? याचें उत्तर तिच्या बॅटरींत आहे. लिथियमच्या बॅटरींत दोन पट्ट्या एकमेकींजवळ गुंडाळलेल्या असतात. मध्यें कागदाहूनही पातळ पडदा, आणि भोंवतीं पेट घेणारा द्रव. पडदा फाटला, बॅटरी चेंगरली, किंवा पेटींत दाबलें जाऊन तार आपोआप तापत राहिली, म्हणजे आंत उष्णता होऊं लागते. त्या उष्णतेनें आंतील द्रव्यें फुटतात, त्यांच्या फुटण्यानें आणखी उष्णता होते, आणि हा क्रम आपला आपण वाढत जातो. दुधास उतूं जातांना पाहून चूल विझविली तर तें खालीं बसतें. या बॅटरीस मात्र बाहेरची चूल लागतच नाहीं, तिची चूल तिच्याच पोटांत असते. अशी आग माणसांच्या समोर लागली तर विमानांतील सेवक पाणी ओतून ती थंड करूं शकतात. तीच विमानाच्या पोटांत, कपड्यांच्या ढिगाखालीं लागली तर कळेपर्यंत उशीर होतो, आणि तेथें सोडला जाणारा विझविण्याचा वायु ज्वाळा दडपतो, पण बॅटरीची आंतली उष्णता थांबवीत नाहीं. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईजवळ एक मालवाहू विमान अशाच आगीनें पडलें. त्यांत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता, आणि दोन्ही वैमानिक गेले. फोन, पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या यांचेंही शास्त्र हेंच. म्हणून सुटी बॅटरी व पॉवर बँक कधींही मोठ्या बॅगेंत टाकूं नये, एवढें तर कांडी न ओढणाऱ्यांनींही लक्षांत ठेवावें.

रसाच्या बाटलीविषयींही दोन शब्द. आंतरराष्ट्रीय प्रवासांत बहुतेक विमानतळांवर हातच्या पिशवींत असा द्रव १०० मिलिलिटरपेक्षां मोठ्या बाटलींत चालत नाहीं. शिवाय विमानांतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होतो. त्यामुळें अर्धवट भरलेल्या बाटलींतील हवा फुगते आणि रसास बाहेर ढकलते. आपली आंवळ्याच्या तेलाची बाटली विमानांत पाझरते तीही याच कारणानें. पण तेल सांडलें तर कपडे जातात, निकोटीनचा रस सांडला तर तो कातडींतून अंगांत शिरतो.

कित्येक जण विमानाच्या शौचकूपांत लपून ओढतात. वाफेस वास कमी, धूर नाहीं, म्हणून कोणास कळणार नाहीं असें त्यांस वाटतें. यावर दोन हकीकती सांगतों. ११ जुलै १९७३ रोजीं ब्राझिलहून पॅरिसला येणाऱ्या वॅरिग कंपनीच्या विमानांत शौचकूपांतील कचऱ्याच्या डब्यांत आग लागली. जळती सिगारेट तींत टाकली गेली असावी असा संशय होता. विमान पॅरिसजवळ एका शेतांत उतरविलें गेलें, पण धुरानें गुदमरून १२३ माणसें गेलीं. दुसरी हकीकत वाफेचीच आहे. १० जुलै २०१८ रोजीं हाँगकाँगहून दालियनला जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानांत सहवैमानिकानेंच कांडी ओढली. वाफ प्रवाशांकडे जाऊं नये म्हणून त्यानें मुख्य वैमानिकास न सांगतां पंखा बंद करावयाचें ठरविलें, आणि चुकून हवा पुरविणारीं यंत्रेंच बंद केलीं. आंतील दाब उतरूं लागला, प्राणवायूचे मुखवटे खालीं आले, आणि विमान हजारों फूट एकदम खालीं आणावें लागलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. लपविण्याची धडपड ही मूळ चुकीपेक्षां पुष्कळदां महाग पडते. घरांतही आणि आकाशांतही.

आणि घराचें म्हणाल, तर माझी खरी धास्ती विमानाची नव्हतीच. आमच्या घरीं त्या आठवड्यांत सहा वर्षांखालचीं पांच मुलें जमणार होतीं. आंब्याच्या वासाची रंगीत कांडी आणि गोड रसाची बाटली उशाशीं पडली असतां तीं काय करतील, हें सांगावयास नको. निकोटीन लहान मुलाच्या पोटांत अगदीं थोडें गेलें तरी ओकाऱ्या, घाम, झटके येतात. डिसेंबर २०१४ मध्यें अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत एक वर्षाचें मूल असाच रस पिऊन दगावलें. म्हणून ज्या घरीं ही वस्तु असेल त्या घरानें तिला घातक औषधाप्रमाणेंच समजावें.

मीं हें सर्व पुतण्यास फोनवर सांगितलें. तो निमूट ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "काका, एक विचारूं? आपल्या गांवांत हजारों बायका विड्या वळतात. पानपट्टीवर सिगारेट उघड मिळते. मग ही एकच कांडी गुन्हा कशी?"

प्रश्न खोटा नव्हता. सोलापुरांत विडीवर किती चुली पेटतात तें आपण जाणतों. कुंभारीस विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत २००६ सालीं त्यांच्या स्वाधीन झाली. तंबाखूचें नुकसान कांडीपेक्षां कमी आहे असें कोणी म्हणत नाहीं; उलट जळत्या तंबाखूचा धूर अधिक घातक, असेंच बहुतेक वैद्य मानतात, आणि इंग्लंडांत तर सिगारेट सोडूं पाहणारास कांडीकडे वळण्याचा सल्लाही दिला जातो. आपल्या सरकारचें म्हणणें असें, कीं जुनें व्यसन एकदम उपटतां येत नाहीं, पण नवें रोप तरी लावूं देऊं नये. हें म्हणणें कोणास अपुरें वाटेल. मलाही पूर्ण समाधानकारक वाटत नाहीं. पण मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, "कायदा अपुरा आहे म्हणून तो आपल्यास लागू नाहीं असें होत नाहीं. आणि तुझ्या आजीच्या सोहळ्याच्या दिवशीं तूं मुंबईच्या विमानतळावर जबाब देत बसलेला मला चालणार नाहीं."

तो कांडी तिकडेच ठेवून आला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनें सकाळीं उतरला, आजीच्या पायां पडला, आणि दुपारपासून त्याची चिडचिड सुरू झाली. निकोटीन तुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात: झोप येत नाहीं, डोकें दुखतें, क्षुल्लक बोलण्याचा राग येतो, पुढें दोन ते चार आठवड्यांत तें ओसरतें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पोराला दृष्ट लागली." अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधु, म्हणाले, "साहेबाच्या देशांत राहून मिजास आली."

तिसऱ्या रात्रीं तो स्वतःच अण्णांपुढें जाऊन बसला. मी ओसरीवर होतों. त्यानें सगळें सांगितलें. कसें लागलें, किती ओढतों, काकांना फोन केला तेंही. अण्णा पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग संवयीनें त्यांचा हात बंडीच्या खिशांत गेला, आणि तपकिरीची चांदीची डबी बाहेर आली. डबी हातांत, चिमूट नाकापाशीं, आणि समोर मुलगा! अण्णा तसेच थांबले. तपकीर म्हणजे तंबाखूच. तिच्यांतही तेंच निकोटीन. ती डबी आमच्या वडिलांची. लहानपणीं तिच्या झांकणाचा आवाज झाला कीं वडील आले असें आम्ही समजत असूं. आमच्या घरांत तिला कधीं कोणीं व्यसन म्हटलें नाहीं, कारण ती घरांतली होती.

अण्णांनीं डबी मिटली आणि मुलाला म्हणाले, "तुला काय सांगूं मी? किती दिवस सोडलीस?"

"तीन."

"मग मीही उद्यां सकाळपासून पाहतों."

त्यांनीं ती सोडली, असें मी लिहीत नाहीं. दोनदां ती पुन्हां खिशांत आलेली मीं पाहिली आहे. पण त्या रात्रीं अण्णांनीं मुलाला रागें भरलें असतें, तर तो पुन्हां कधीं कोणाही वडीलधाऱ्यापाशीं बोलला नसता, याची मला खात्री आहे. पुढें तो दोन दिवसांसाठीं मित्राकडे गोव्यास गेला. होटगी रस्त्यावर त्यास पोंचवावयास अण्णा स्वतः गेले होते. निषिद्ध वस्तूंची पाटी त्यांनीं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "यांत तपकीर नाहीं रे." तेव्हां चार महिन्यांत प्रथमच बापलेक एकत्र हंसले, असें तो मागाहून मला म्हणाला.

आतां वाचकांच्या सोईसाठीं थोडक्यांत सांगतों. परदेशांतून घरीं येणाऱ्या मुलांस निघण्यापूर्वींच कळवावें, कीं कांडी व तिचा रस हीं इकडे कोणत्याही बॅगेंत चालत नाहींत. मित्रासाठीं भेट म्हणून तर मुळींच आणूं नयेत. दुसऱ्याचें बंद पुडकें आपल्या सामानांत घेऊं नये. पाहुण्यानें आणलीच असेल तर ती घरांत ठेवून घेऊं नये. आणि सोडावयाची असेल त्यानें एकट्यानें झगडत बसूं नये: १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारी तंबाखूमुक्तीची मदत विनामूल्य मिळते, आणि वैद्याच्या सल्ल्यानें निकोटीनचा गम किंवा पट्टी घेतां येते. तीं औषधें विमानांतून नेण्यास हरकत नसते.

विमानतळाचे नियम पाटीवर लिहिलेले असतात. घरचे नियम नसतात. परंतु प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असा एक तरी काका, आत्या किंवा मामा असावा, कीं ज्याला रात्रीं साडेअकरा वाजतां फोन करण्याची मुलांना भीति वाटणार नाहीं. तो आपल्या घरीं कोण आहे, याचा विचार वाचकांनीं या महिन्यांत अवश्य करावा. नसेल, तर ती जागा आपणच घ्यावी.